आयटूसीचा जुना प्रोग्रॅम नव्या रास्पबेरी पायवर: हेडर नेमकी कुठली?

आयटूसीवर (चिप एकमेकींशी बोलतात ती दोन तारांची पद्धत) चालणाऱ्या तापमानाच्या सेन्सरसाठी लिहिलेला एक जुना सी प्रोग्रॅम नव्या रास्पबेरी पायवर (लिनक्स चालवणारा छोटा संगणक) कंपाइल होईना. 'आय२सी_एसएमबस_रीड_बाइट_डेटा' हे फंक्शन सापडत नाही, असं कंपायलर सांगत होता. गंमत म्हणजे 'लिनक्स/आय२सी-डेव्ह.एच' ही हेडर फाइल (फंक्शनं, स्ट्रक्चर वगैरेंची ओळख कंपायलरला करून देणारी फाइल) 'यूएसआर/इन्क्लूड'मध्ये व्यवस्थित होती, आणि प्रोग्रॅममध्ये तिचा उल्लेखही होता.

मग फाइल उघडूनच पाहिली. आत नुसते आयओसीटीएलचे (कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, हुकूम देण्याची सोय) क्रमांक आणि दोन-तीन स्ट्रक्चर, फंक्शन एकही नाही. फाइल कुठल्या पॅकेजची ते सांगणारी 'डीपीकेजी -एस' ही कमांड चालवल्यावर उलगडा झाला: ही फाइल 'लिनक्स-लिबसी-डेव्ह' पॅकेजची, म्हणजे थेट कर्नलमधून आलेली. कर्नल ३.७ पासून (२०१२) वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमना लागणाऱ्या अशा फाइल कर्नलच्या सोर्समध्ये 'इन्क्लूड/यूएपीआय'खाली वेगळ्या ठेवतात. पूर्वी आयटूसी-टूल्सवाले (आयटूसीसाठी छोटे प्रोग्रॅम पुरवणारा प्रकल्प) याच नावाची स्वतःची फाइल द्यायचे आणि ही फंक्शनं तिच्यातच असायची. एकाच नावाच्या दोन फाइल! आयटूसी-टूल्सच्या आवृत्ती ४.० मध्ये (२०१७) त्यांनी ती फंक्शनं 'आय२सी/एसएमबस.एच'मध्ये हलवली. माझ्या मते हे फार चांगलं केलं.

उपाय छोटा आहे. 'लिबआय२सी-डेव्ह' पॅकेज टाका, जुनी इन्क्लूडची ओळ तशीच ठेवून तिच्याखाली 'आय२सी/एसएमबस.एच'ची ओळ घाला, आणि कंपाइलच्या कमांडमध्ये शेवटी '-एलआय२सी' लिहा. हा शेवटचा भाग राहिला, तर कंपाइल होतं पण लिंकर (तुकडे जोडून अंतिम प्रोग्रॅम बनवणारा) अडतो.

फ्रीबीएसडीवर (लिनक्ससारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) मात्र आयटूसी वापरण्याची सोय 'डेव्ह/आयआयसीबस/आयआयसी.एच'मध्ये आहे. तिथे आयओसीटीएलचे क्रमांकही वेगळे, त्यामुळे तो भाग नव्यानेच लिहावा लागतो.