डेकूपाज पेंडंट घरी करताना: वाळवण्याचा अनुभव

मी पहिली सहा डेकूपाज पेंडंट दादरच्या घरी, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, ऐन जुलै महिन्यात केली. दुसऱ्या दिवशी ती हाताला कोरडी लागली म्हणून एकावर एक रचून डबीत ठेवली आणि आठवड्याने डबी उघडली, तेव्हा ती एकमेकांना इतकी घट्ट चिकटली होती की सोडवताना चित्रेच सोलून निघाली. नव्याने शिकणाऱ्यांना मला मुख्यतः वाळवण्याबद्दल सांगायचे आहे.

कापलेले चित्र पृष्ठभागावर चिकटवून त्यावर वार्निशचे थर चढवणे म्हणजे डेकूपाज. हा शब्द फ्रेंच आहे आणि त्याचे मूळ 'कापणे' या अर्थाच्या क्रियापदात आहे. अठराव्या शतकात व्हेनिसचे कारागीर पूर्वेकडील महागड्या लाखकामाची नक्कल करण्यासाठी छापील चित्रे फर्निचरवर चिकटवीत आणि त्यांच्या कडा दिसेनाशा होईपर्यंत त्यांवर थर देत.

कागद आणि रंग क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर मिळतात, तर कड्या आणि दोऱ्या भुलेश्वरला. 3 मिलिमीटर जाडीची एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची) चकती घ्यावी आणि भोक आधीच पाडून घ्यावे, कारण नंतर पाडल्यास चित्र फाटते. चकतीला दोन्ही बाजूंनी आणि कडेनेही पांढरा ॲक्रिलिक रंग द्यावा. चित्रासाठी घेतलेला छापील कागदी नॅपकिन ओला झाला की पारदर्शक होतो आणि रंग नसेल तर खालचा तपकिरीपणा चित्रातून दिसतो. शिवाय उघड्या कडेतून पाणी शिरले की एमडीएफ फुगते.

छापील नॅपकिनला दोन किंवा तीन पदर असतात, त्यांतला फक्त वरचा, चित्राचा पदर वापरावा. ओल्या फेविकॉलवर तो ठेवला की सुरकुत्या पडतातच, म्हणून मी आता चकतीवर पाणी घातलेल्या फेविकॉलचा हात देऊन तो पूर्ण वाळू देते, त्यावर नॅपकिन आणि बटर पेपर ठेवते आणि वाफ बंद करून कोमट इस्त्री फिरवते. उष्णतेने फेविकॉल मऊ होऊन कागद सपाट बसतो. कडेबाहेरचा कागद कात्रीने न कापता बारीक पॉलिश पेपरने खालच्या दिशेने घासून काढावा. घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेले चित्र मात्र टाळावे, कारण त्याची शाई बहुधा पाण्याने पसरते.

शेवटचा थर फेविकॉलचा ठेवू नये, ही चूक मी दोनदा केली आहे. गळ्याच्या घामाने तो पांढुरका आणि चिकट होतो, आणि मुंबईत घाम बाराही महिने असतो. त्यावर पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक वार्निशचे किमान तीन पातळ थर द्यावेत. वार्निश वरून आधी सुकते आणि आतले पाणी त्या पापुद्र्याखाली अडकते. हवेतच ओलावा भरलेला असेल तर ते बाहेर पडायला आणखी वेळ लागतो. यासाठी माझी एक साधी परीक्षा आहे: पेंडंट गालाला लावून पाहावे, गार लागले तर आत अजून पाणी आहे. उन्हाळ्यात मी दिवसाला दोन थर देते, पावसाळ्यात एकच, तोही पंख्याखाली. सगळे थर झाल्यावर पेंडंट डबीत न घालता आठ दिवस खिडकीच्या आतल्या बाजूला, दोरीला एकमेकांपासून चार बोटे अंतरावर टांगून ठेवते आणि त्यानंतरच कडी घालते.