डिझेलवर टर्बाइन पेटेना: माझा अनुभव

गॅस आणि डिझेल दोन्हींवर चालणारं आमचं टर्बाइन गॅसवर बिनतक्रार सुरू व्हायचं, डिझेलवर मात्र ज्योतच लागेना आणि मशीन ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. गॅसवर पेटतंय म्हणजे स्पार्क प्लग, फ्लेम डिटेक्टर (ज्योत ओळखणारा सेन्सर) ठीक. सगळ्या कम्बस्टरना (ज्वलनकक्षांना) डिझेल समान वाटणाऱ्या फ्लो डिव्हायडरचा वेगही नेहमीसारखा. मग एकेक लाइन निवडता येणाऱ्या सिलेक्टर व्हॉल्व्हच्या गेजवर एकेका कम्बस्टरचा दाब पाहिला. काही लाइनींत तो चढतच नव्हता.

दोष चेक व्हॉल्व्हचा (डिझेल एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेचा) निघाला. गॅसवर चालताना तिथे साचलेलं डिझेल उष्णतेने करपून कोक (कोळशासारखा कडक थर) होतं, व्हॉल्व्ह नीट बसत नाही, हवा आत शिरून लाइन रिकामी होते. पेटवण्याची ठरलेली वेळ मग लाइन भरण्यातच संपते! व्हॉल्व्ह बदलले, बुडबुडे थांबेपर्यंत लाइनींतली हवा काढली, टर्बाइन पेटलं. आता ठरावीक काळाने डिझेलवर चालवतोच.