घर सगळ्यात शेवटी बघा

जुना फ्लॅट घ्यायचा, दुरुस्त करायचा आणि विकायचा, या कामात नव्याने उतरलेले लोक अख्खा रविवार एजंटच्या मागे फिरण्यात घालवतात. कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, परत कोथरूड. संध्याकाळी पाय दुखतात, त्यामुळे खूप काम झाल्यासारखंही वाटतं. मी पुण्यात हेच करते, आणि माझ्या मते फ्लॅट आतून बघणं ही शेवटची पायरी. बहुतेक नकार त्याआधी घरबसल्या देता येतात.

फोनवर पहिला प्रश्न घराचा नकोच. बिल्डिंग किती सालची आणि रिडेव्हलपमेंटचा विषय जनरल बॉडीत, म्हणजे सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत, आलाय का, हे विचारा. आला असेल तर मालक उद्या मिळणाऱ्या वाढीव जागेचा भाव लावून बसलेला असतो, आणि पडणार असलेल्या इमारतीतल्या नव्या फरशीचे पैसे तुम्हाला कोणी देत नाही. एजंट म्हणेल, "अजून काही नाही हो." सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन लावा. बरेचसे निवृत्त काका असतात, वामकुक्षी झाल्यावर मनमोकळं बोलतात. थकबाकी, वरच्या मजल्यावरची गळती, कामाला किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत परवानगी, राडारोडा उचलायला टेम्पो आत घेता येतो का, सगळं त्या एका फोनवर कळतं.

मग कागद. शेअर सर्टिफिकेट (सोसायटीचा सभासद असल्याचा दाखला) कोणाच्या नावावर आहे? ते मालक वारले असतील तर वारस किती, आणि सगळे सही करायला तयार आहेत का? एखादा वारस अमेरिकेत असेल तर कुलमुखत्यारपत्र आलं, अनिवासी म्हणून टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) वेगळा आला. असा फ्लॅट वाईट नसतो, पण तो महिने खातो. पानशेतच्या १९६१च्या पुरानंतर पूरग्रस्तांसाठी वसलेल्या सोसायट्यांत जमीन कोणाच्या नावावर आहे, हे वकिलाकडून तपासून घेतल्याशिवाय तिकडे फिरकायचंही नाही.

हिशेब विक्रीच्या भावावरून उलटा करायचा. समजा, दुरुस्तीनंतर ७५ लाख येतील आणि मालक ६० मागतोय. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार (खरेदी बाईच्या नावावर असेल तर एक टक्का कमी). नोंदणी ३० हजार. दुरुस्तीला सहा लाख धरा, दोन्ही वेळची एक-एक टक्का दलाली धरा. उरले जेमतेम ३ लाख १५ हजार, तेही मेंटेनन्स, व्याज आणि कर जायच्या आधी. हा फ्लॅट बघायला जायचं कारणच नाही. त्याच इमारतीतले आधीचे व्यवहार नोंदणी विभागाच्या ई-सर्च या ऑनलाइन सेवेवर इंडेक्स टूमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराच्या गोषवाऱ्यात, दिसतात. कागदावरचा आकडा नेहमी पूर्ण असतो असं नाही, पण एजंटच्या तोंडी भावापेक्षा बरा.

एवढ्यातून तगलेले दोन-तीन एका भागातले असतील तर एकाच फेरीत बघा, आणि जमलं तर जुलै-ऑगस्टमध्ये. दिवाळीत नव्या रंगाखाली ओल लपते, आषाढात नाही. टेरेसखालचा फ्लॅट असेल तर स्लॅबचे कोपरे बघा. बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीवर तळहात ठेवा, खालच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या छताबद्दल विचारा. जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपमुळे नळाला धार बारीक येते; ते पाइप बदलायचे म्हणजे फरशी आणि टाइल्स दोन्ही गेल्या. याउलट हिरवट मोझॅक, कळकट ओटा, तुटकी कपाटं बघून नाक मुरडू नका. इतर गिऱ्हाइकं त्यालाच घाबरतात, म्हणून भाव उतरतो. लिफ्ट नसलेला तिसरा मजला मात्र मी सोडते. सिमेंटची गोणी वर चढवायचे पैसे एकदा जातात, पण विकताना वयस्कर गिऱ्हाईक जिन्यातूनच परत फिरतं.

एजंट दोन-तीनच ठेवा, आणि प्रत्येक नकाराचं कारण त्यांना स्पष्ट सांगा. चार-पाच नकारांनंतर चांगला एजंट तसले फ्लॅट पाठवणं बंद करतो. जो करत नाही, त्याचा नंबर म्यूट करा.