तैनानला जाताय? बॅग भरायच्या आधी हे करा

तैपेईच्या सहलीतून दोन दिवस काढून तैनानला जाणार असाल, तर कपडे, औषधं, पैसे हे सगळं नंतर. आधी एक संध्याकाळ शहराचा नकाशा घेऊन बसा. तैवानचं हे सगळ्यात जुनं शहर. दोनशेहून जास्त वर्षं बेटाची राजधानी इथेच होती. पण इथला निम्मा इतिहास नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, कारण मधला समुद्रच बुजला आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीने 1624 मध्ये आजच्या तैनानच्याच अनपिंग भागात झीलँडिया किल्ला बांधायला घेतला आणि 1653 मध्ये समोरच्या काठावर प्रोव्हिन्शिया हा दुसरा किल्ला उभारला. दोन्हींच्या मधे खाडीसारखं पाणी होतं. गाळ साचत गेला आणि आज तिथे रस्ते आणि वस्ती आहे. नकाशावर अनपिंगचा किल्ला आणि छिकान मनोरा, म्हणजेच जुना प्रोव्हिन्शिया, यांवर खुणा करा आणि मधल्या पट्ट्यात निळ्या पेन्सिलीने पाणी रंगवा. ते रंगवलंत की झीलँडियाच्या वेढ्याची गोष्ट आपोआप समजते.

तीही वाचून जा. चीनच्या मिंग राजघराण्याशी इमान राखणारा सेनानी कोक्सिंगा 1661 मध्ये आरमार घेऊन इथे उतरला आणि त्याने झीलँडियाला वेढा घातला. पन्हाळ्याच्या वेढ्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं, म्हणजे काळ आपल्या ओळखीचा आहे. नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी 1662 मध्ये डच शरण आले. वेंगुर्ल्याची पडकी डच वखार पाहिली असेल तर लक्षात असू द्या, ती याच कंपनीची.

आता कागदपत्रं. भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. मुंबईतही आता तैपेई आर्थिक व सांस्कृतिक केंद्राचं, म्हणजे तैवानच्या वकिलातीचं काम करणाऱ्या संस्थेचं, कार्यालय आहे, त्यामुळे दिल्लीकडे डोळे लावून बसायला नको. अमेरिका, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांचा व्हिसा आधीपासून असेल तर ऑनलाइन प्रवास परवान्याची सोय आहे का, ते सरकारी संकेतस्थळावर तपासा. नियम बदलत असतात, ओळखीच्यांच्या जुन्या अनुभवावर विसंबू नका. सामानात ताजी फळं आणि कुठल्याही प्रकारचं मांस नको. विमानतळावर जबर दंड होतो. चिवडा, लाडू खुशाल न्या.

महिना निवडता येत असेल तर नोव्हेंबर ते मार्च. तैनान कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे तैपेईत स्वेटर लागतो तेव्हाही इथे दुपारी नुसता शर्ट पुरतो. चिनी नववर्षाचा आठवडा मात्र टाळा, गाड्यांना जागा मिळत नाही. वारही बघून ठरवा. इथले मोठे रात्रबाजार आपल्या आठवडी बाजारासारखे ठरावीक दिवशी भरतात: गार्डन नाइट मार्केट गुरुवार, शनिवार, रविवारी, तर दादोंग सोमवार, मंगळवार, शुक्रवारी. बुधवारी या दोन्हींपैकी एकही भरत नाही.

तैपेईहून हायस्पीड रेल्वे पावणेदोन ते दोन तासांत पोहोचवते. तिकीट साधारण 1350 तैवानी डॉलर, आणि बरंच आधी काढलं तर सवलत मिळते. पण हायस्पीडचं स्थानक गावाबाहेर आहे. मी पहिल्या वेळी उतरून थेट रिक्षा-टॅक्सी शोधायला लागले आणि उगाच पैसे घालवले. त्याच आवारातून लोकल गाडी सुटते आणि 25 मिनिटांत शहरात नेते. परतीच्या दिवशीही हा वेळ धरायला विसरू नका. इझीकार्ड, म्हणजे प्रवासाचं प्रीपेड कार्ड, आधीच घेऊन त्यात पैसे भरून ठेवा, शहरात मेट्रो नाही आणि बसला तेच चालतं.

खाण्याची तयारी मी सगळ्यात मनापासून करते. मांसाहारी असाल तर काळजी नाही: पहाटेचं बीफ सूप, दानझाई नूडल्स, कोळंबीचे रोल. शाकाहारी असाल तर 'मी शाकाहारी आहे, मासे आणि मांसाचा रस्साही चालत नाही' हे चिनी लिपीत छापून कागद खिशात ठेवा, कारण भाजीच्या नूडल्सचं पाणीसुद्धा बऱ्याचदा हाडांचं असतं. बौद्ध शाकाहारी खानावळी ओळखायला सोप्या: पाटीवर स्वस्तिक असतं, आपल्यापेक्षा उलट्या बाजूला वळलेलं. त्यांच्या कडक शाकाहारात कांदा-लसूणही नसतो, म्हणजे चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्या आईला घेऊन गेलात तरी पंचाईत नाही. अनपिंगचं टोफू पुडिंग जरूर खा. पण इथे तिखटातही साखर असते, म्हणून शेंगदाण्याची चटणी सोबत असू द्या.

बॅगेत पायाला सरावलेले बूट हवेत. दुकानांपुढच्या ओसरीवजा फुटपाथवर प्रत्येक दुकानाची पातळी वेगळी, मधे स्कूटरी लावलेल्या, त्यामुळे पाय सारखा वरखाली होतो. डासांचं मलम न चुकता घ्या; 2015 आणि 2023 मध्ये इथे डेंग्यूची मोठी साथ आली होती. विजेचा दाब 110 व्होल्ट आणि पिना चपट्या, म्हणून अ‍ॅडॅप्टर हवा. मोबाइलचा चार्जर चालतो, घरची इस्त्री नाही. रुपये तिथे कुणी बदलून देत नाही, अमेरिकन डॉलर न्या.

देवळांत समोरून पाहताना उजव्या दाराने आत जायचं, डाव्याने बाहेर यायचं. मधलं दार देवांचं. उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, हे आपल्याला आजीने शिकवलेलंच आहे. 1665 च्या कन्फ्यूशियस मंदिरात सकाळी जा, तिथून 1932 चं हायाशी डिपार्टमेंट स्टोअर चालत गाठता येतं. छिकानला दगडी कासवं नीट बघा: नऊ कासवांच्या पाठीवर चीनचा सम्राट छ्येनलुंग याचे शिलालेख आहेत, चिनी आणि मांचू भाषांतले. जुन्या वास्तूंची डागडुजी चालू असते, म्हणून काय उघडं आहे ते आदल्या दिवशी पाहून घ्या.

अनपिंगला दुपारी चारनंतर जा आणि तासभर राखून ठेवा. फोटोत येतो तो मनोरा डचांचा नाही, तो नंतरचा. खरा डच भाग म्हणजे बाहेरची विटांची भिंत, वडाची मुळं अंगावर घेऊन उभी. त्या विटा जोडल्या चिकट तांदळाची पेज, साखरेचं पाणी आणि शिंपल्यांचा चुना एकत्र करून. भिंतीजवळ वाकून पाहिलंत तर विटांच्या सांध्यांत तो फिकट चुना अजून दिसतो.