घरच्या सर्व्हरवर कंटेनर ठरलेल्या वेळी आपोआप चालू-बंद कसे करायचे, तेही लाईट जात-येत असताना

घरात जुना लॅपटॉप नाहीतर रास्पबेरी पाय (हाताएवढा छोटा कॉम्प्युटर) कोपऱ्यात ठेवून त्यावर डॉकर, म्हणजे प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या वेगळ्या डब्यात (कंटेनरमधे) चालवणारा प्रोग्राम, चालवायला लागलं की कंटेनर वाढतच जातात, आधी फोटोंसाठी इमिच, मग पिक्चर बघायला जेलीफिन, मग मे महिन्यात मुंबईहून भाचरं आली की त्यांना माइनक्राफ्टचा सर्व्हर हवा असतो, आणि ८ जीबी रॅममधे हे सगळं चोवीस तास बसवायचं म्हणजे एक दिवस काहीतरी लटकतंच. त्यावर उपाय म्हणजे ज्याची गरज ठरावीक वेळेलाच आहे ते त्याच वेळेला चालू ठेवायचं. इंटरनेटवर याच्या ज्या रेसिपी मिळतात त्या बहुतेक लाईट जातच नाही असं धरून लिहिलेल्या असतात, आणि आपल्याकडे कोकणात जून लागला की वारा सुटून एक फांदी तारेवर पडली तरी संध्याकाळ काळोखात जाते. म्हणून इथे थोडी वेगळी पद्धत सांगतो.

आधीच सांगून ठेवतो, कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमधे अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे टाकायचे.

पहिलं काम म्हणजे काय बंद करायचं ते ठरवा. पाय-होलसारखं डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारं), बाहेरून घरात शिरायचं वायरगार्ड, रिव्हर्स प्रॉक्सी (आलेली विनंती योग्य कंटेनरकडे पाठवणारा), होम असिस्टंट (घरातली स्मार्ट उपकरणं सांभाळणारं) यांना हात लावू नका, पाय-होल रात्री बंद केलंत तर सकाळी आई विचारणारच की मोबाईलवर काही उघडत का नाही. माइनक्राफ्ट, जेलीफिन, इमिचचा चेहरे ओळखणारा मशीन लर्निंगवाला कंटेनर, ही खरी गिऱ्हाईकं. आणि वीजबिल कमी होईल या आशेवर हे करू नका, रिकामा बसलेला कंटेनर सीपीयू फारसा खात नाही, तो रॅम अडवून बसतो. विजेचा थोडाफार फायदा होतो तो कंटेनर बंद झाल्यामुळे हार्ड डिस्क झोपली तर, आणि त्यासाठी एचडीपार्म या डिस्कच्या सेटिंगच्या कमांडमधे वेगळं सेटिंग करावं लागतं. अजून एक, डॉकर पॉज नावाची कमांड दिसेल, तिने प्रोसेस गोठते पण रॅम मोकळी होत नाही, त्यामुळे इथे ती उपयोगाची नाही, स्टॉपच वापरायचं.

दुसरं, घड्याळ. टाईमडेटसीटीएल टाईप करून टाइमझोन बघा. बऱ्याचदा सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतो, म्हणजे साडेपाच तास मागे, मग संध्याकाळी ७ ला लावलेलं काम रात्री साडेबाराला होतं आणि माणूस स्क्रिप्टमधे चूक शोधत बसतो. टाईमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता करा आणि नंतर क्रॉन (ठरलेल्या वेळी कमांड चालवणारी) सर्व्हिस रीस्टार्ट करा, नाहीतर क्रॉन जुन्याच वेळेवर चालत राहतो.

आता रीस्टार्ट पॉलिसी, म्हणजे कंटेनर थांबला किंवा मशीन परत उठलं तर तो आपोआप चालू करायचा की नाही हा नियम, आणि इथे नीट लक्ष द्या कारण निम्मी गडबड इथेच होते. डॉकरमधे चार पॉलिसी आहेत: नो, ऑन-फेल्युअर, ऑलवेज आणि अनलेस-स्टॉप्ड. ऑलवेज असेल तर तुम्ही रात्री १० ला कंटेनर बंद केलात आणि २ वाजता लाईट जाऊन आली की मशीन उठल्यावर तो परत चालू, तुमचं वेळापत्रक गेलं उडत. अनलेस-स्टॉप्ड बरं आहे, बंद केलेला बंदच राहतो, पण कंटेनर चालू असताना ९ ला लाईट गेली आणि ११ ला आली तर तो चालू होऊन बसतो, कारण त्याला तुम्ही बंद केलेलंच नव्हतं. म्हणून जे कंटेनर वेळेवर चालवायचे त्यांना सरळ नो लावा: डॉकर अपडेट --रिस्टार्ट=नो माइनक्राफ्ट. कंपोज फाईल (कंटेनरची सेटिंग लिहून ठेवायची फाईल) वापरत असाल तर तिथेही बदला, नाहीतर पुढच्या वेळी कंटेनर नव्याने बनला की जुनी पॉलिसी परत येते. आणि तिथे नो हा शब्द अवतरण चिन्हांत लिहा, कंपोज फाईल याम्ल प्रकारची असते आणि तिच्यात नुसतं नो लिहिलं की ते 'फॉल्स' समजलं जातं.

साधी पद्धत म्हणजे क्रॉनमधे दोन ओळी, एक दुपारी ४ वाजता स्टार्ट, एक रात्री १० ला स्टॉप (आधी मिनिट, मग तास, तीन * म्हणजे रोज):

० १६ * * * /युएसआर/बिन/डॉकर स्टार्ट माइनक्राफ्ट
० २२ * * * /युएसआर/बिन/डॉकर स्टॉप माइनक्राफ्ट

शहरात इन्व्हर्टरवर बसलेल्या माणसाला हे पुरतं. पण क्रॉनची वेळ चुकली की चुकली, ४ ला मशीन बंद होतं तर ती ओळ नंतर चालत नाही. यावर सिस्टमडी (लिनक्समधल्या सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्राम) याच्या टायमरमधे पर्सिस्टंट=ट्रू असतं, राहून गेलेलं काम मशीन उठल्यावर करतो, छान वाटतं, पण लाईट दुपारी ३ ला जाऊन रात्री ११ ला आली तर स्टार्ट आणि स्टॉप दोन्ही राहून गेलेले असतात, दोन्ही एकदम धावतात आणि शेवटी कोण जिंकेल त्याचा नेम नाही.

त्यामुळे ठरलेल्या वेळी हुकूम सोडण्यापेक्षा दर ५ मिनिटांनी एकच प्रश्न विचारायचा: आत्ता या वेळेला हा कंटेनर चालू असायला हवा का? हवा असेल आणि बंद असेल तर चालू कर, नको असेल आणि चालू असेल तर बंद कर, बाकी काही करू नको. मग लाईट कधीही जाऊ दे कधीही येऊ दे, मशीन उठल्यावर ५ मिनिटांत सगळं जागेवर येतं. माझ्या स्क्रिप्टचं नाव राखणदार.एसएच आहे, वेशीवर असतो तसा, फेरी मारून बघतो सगळं जागच्या जागी आहे ना.

स्क्रिप्ट बॅशमधे (टर्मिनलच्या कमांड ज्या भाषेत लिहितात त्यात) दहा-बारा ओळींत होते. सुरुवातीला तास काढायचा, डेट कमांडने. मग तास १६ किंवा जास्त आणि २२ पेक्षा कमी असेल तर 'हवं' या व्हेरिएबलमधे ट्रू, नाहीतर फॉल्स. मग डॉकर इन्स्पेक्टला कंटेनरचं स्टेट.रनिंग विचारायचं, तेही ट्रू किंवा फॉल्सच सांगतं, त्यामुळे दोन्हीची सरळ तुलना होते. सारखं असेल तर एक्झिट, वेगळं असेल तर स्टार्ट नाहीतर स्टॉप, आणि लॉगर कमांडने एक ओळ लॉगमधे. फाईलला चमॉड +एक्स करून (म्हणजे ती चालवता येते) सुडो क्रॉनटॅब -ई मधे, म्हणजे क्रॉनच्या यादीत, एकच ओळ टाका:

*/५ * * * * /ऑप्ट/राखणदार.एसएच

स्क्रिप्टमधे डॉकरचा पूर्ण पाथ द्या, क्रॉनला तुमच्या टर्मिनलइतके पाथ माहीत नसतात.

यात दोन खड्डे आहेत. एक, बॅश शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीतला समजतं, आणि त्या पद्धतीत ८ आणि ९ हे अंक नसतातच, त्यामुळे दुहेरी कंसात ०८ किंवा ०९ ची तुलना केलीत की एरर येते. स्क्रिप्ट दिवसभर नीट चालते आणि फक्त सकाळी ८ ते १० मधे रडते, शोधून सापडत नाही. डेटमधे टक्का आणि एच यांच्या मधे वजा चिन्ह घाला, पुढचं शून्य जातं. दुसरा, मध्यरात्र ओलांडणारी वेळ. जेलीफिन संध्याकाळी ७ ते रात्री १ हवं असेल तर १९ पासून पुढे 'आणि' १ पेक्षा कमी असं लिहून चालत नाही, असा तास जगात नाही, तिथे 'किंवा' लागतं.

बंद करताना घाई नको. डॉकर स्टॉप आधी कंटेनरला सिगटर्म पाठवतं, म्हणजे आवरून घे, आणि १० सेकंदांत आवरलं नाही तर सिगकिल, म्हणजे गळाच दाबतं. माइनक्राफ्टला जग डिस्कवर लिहायला वेळ लागतो, डेटाबेसलाही लागतो, जुन्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्कवर तर जास्तच. डॉकर स्टॉप -टी ६० वापरा, किंवा कंपोजमधे स्टॉप_ग्रेस_पिरियड ६० सेकंद करा. एकदा बंद झाल्यावर डॉकर पीएस -ए करून बघा, एक्झिटेड १३७ दिसलं तर बहुधा त्याला मारावं लागलंय, वेळ अजून वाढवा. ० किंवा १४३ दिसलं तर ठीक. डेटाबेस जोडलेला असेल तर एकेक कंटेनर न हाताळता डॉकर कंपोज स्टॉप आणि डॉकर कंपोज स्टार्ट वापरा, डिपेंड्स_ऑन (कोणता कंटेनर कोणावर अवलंबून आहे ते) लिहिलेलं असेल तर बंद करताना क्रम तो सांभाळतो. डाउन नको, त्याने कंटेनर काढूनच टाकले जातात.

मग येतो तो दिवस जेव्हा बाहेर धो धो पाऊस आहे, भाचरं म्हणतायत मामा आज १२ पर्यंत खेळू दे ना, आणि तुम्ही हाताने चालू केलेला कंटेनर राखणदार ५ मिनिटांत बंद करून टाकतो. त्यासाठी स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बघायचं की /टीएमपी/सुट्टी नावाची फाईल आहे का, असेल तर काही न करता बाहेर. टच कमांडने फाईल बनवली की सुट्टी सुरू. ती काढायची आठवण कोणालाच राहत नाही, म्हणून त्याच्याही आधी फाइंडला -एमएमिन +१८० आणि -डिलीट देऊन ३ तासांपेक्षा जुनी सुट्टी पुसून टाका.

रास्पबेरी पाय वापरणाऱ्यांसाठी एक खास सूचना. पाय ४ मधे बॅटरीवरचं घड्याळच नाही, पाय ५ मधे आहे पण बॅटरी वेगळी घ्यावी लागते. लाईट आली पण ब्रॉडबँड आलं नाही तर पायला वेळ इंटरनेटवरून मिळत नाही, तो जुनीच वेळ धरून बसतो आणि राखणदार त्याच वेळेने निर्णय घेतो. टाईमडेटसीटीएल शो ला एनटीपीसिंक्रोनाइज्ड (वेळ इंटरनेटशी जुळली आहे का) विचारा, येस नसेल तर स्क्रिप्टने गप्प बसावं. लॅपटॉपला हे लावू नका, त्याचं घड्याळ स्वतःचं असतं आणि नेट नसताना स्क्रिप्ट उगाच अडून बसेल. खरं सांगायचं तर कोकणात घरच्या सर्व्हरला जुना लॅपटॉपच बरा, बॅटरी थोडी तग धरत असेल तर यूपीएस फुकटात, फक्त लॉगिनडी.कॉन्फमधे हँडललिडस्विच=इग्नोर लिहा म्हणजे झाकण लावलं तरी तो झोपत नाही.

सगळं झाल्यावर क्रॉनमधे कुठे डॉकर सिस्टम प्रून नाहीतर कंटेनर प्रून लावून ठेवलंय का ते बघा. प्रून बंद असलेले सगळे कंटेनर पुसतं, आणि आता तुमचे कंटेनर रात्री मुद्दामच बंद असतात, म्हणजे पहाटे प्रून चाललं की दुपारी ४ ला राखणदाराला चालू करायला काही शिल्लकच नसतं. नाव दिलेल्या व्हॉल्यूममधला (कंटेनरबाहेर ठेवलेल्या साठ्यातला) डेटा शाबूत राहतो, कंपोज अप -डी ने कंटेनर परत बनतो, पण जागा साफ करायचीच असेल तर नुसतं इमेज प्रून (कंटेनर ज्यावरून बनतात त्या इमेज साफ करणारं) वापरा, तेही -ए न लावता.

स्क्रिप्टचा कंटाळा असेल तर ओफेलिया आहे, डॉकरसाठीचा शेड्यूलर, पण तोही घड्याळ बघूनच काम सोडतो, त्यामुळे लाईटचा प्रश्न तिथे तसाच. सॅब्लियर वेगळा आहे, ट्रॅफिक किंवा कॅडीसारख्या प्रॉक्सीच्या मागे बसतो, कोणी पान उघडलं की कंटेनर चालू करतो आणि बराच वेळ कोणी फिरकलं नाही की बंद. जेलीफिनसारख्या ब्राउझरमधून उघडायच्या गोष्टींना मला तोच जास्त पटतो. माइनक्राफ्टला मात्र वेळापत्रकच हवं, कारण तिथे कोणी मागितलं की चालू असं ठेवलंत तर ते बंद होणारच नाही.