मंत्र-मेडिटेशन आणि नामस्मरण, दोन्ही करून बघायचं असेल तर

आजी माळ घेऊन करते ते आणि हल्ली लोक वीस मिनिटं डोळे मिटून बसतात ते एकच ना, असं बरेच जण विचारतात. मला ते एक वाटत नाही, पण हा फरक वाचून कळत नाही, बसल्यावरच कळतो, म्हणून कसं बसायचं तेच लिहितोय.

आधी मेडिटेशन. महर्षी महेश योगींचं ट्रान्सेन्डेन्टल मेडिटेशन जगभर गेलं, १९६८ला बीटल्स ऋषिकेशला आले होते ते त्यांच्याकडेच. त्यात शिक्षक गुरुपूजा करून एकेकाला मंत्र देतो, तो कुणाला सांगायचा नाही, आणि सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं मनात म्हणायचा. शिक्षक नसेल तर हार्वर्डचे डॉक्टर हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५मध्ये मांडलेली सोपी रीत करा: आरामात बसा, डोळे मिटा, अंग सैल सोडा, श्वास सोडताना एखादा साधा शब्द मनात म्हणा, दहा ते वीस मिनिटं. विचार आले की येऊ द्या, हळूच शब्दावर परत या. संपल्यावर लगेच उठू नका, दोन मिनिटं तसंच बसून राहा. इथे शब्दाच्या अर्थाशी काही घेणंदेणं नाही, तो पुसट झाला तरी चालतो.

आता नामस्मरण, आणि इथे मी जरा रेंगाळणार. तुळशीची १०८ मण्यांची माळ घ्या, मधल्या बोटावर ठेवून अंगठ्याने एकेक मणी आत ओढा, तर्जनी लावायची नाही, मेरुमणी, म्हणजे माळेच्या जोडावरचा मणी, आला की तो ओलांडायचा नाही, माळ फिरवून उलट निघायचं. सुरुवातीला देवाचं नाव मोठ्याने म्हणा, मग नुसते ओठ हलवत, मग मनात. घाईने मनात जाऊ नका, जिभेला सवय लागली की नाम आपोआप आत उतरतं. माझ्या आजीच्या माळेचे मणी झिजून गुळगुळीत झालेत आणि माळ हातात नसली, मटार सोलत असली, तरी तिचे ओठ हलत असतात, तिला टायमर लागत नाही. मेडिटेशनला वेळ ठरलेली, नामाला ती अटच नाही. आणि नाम कुणाचं आहे हे विसरायचं नाही, विठ्ठलाला हाक मारतोय तर तो ऐकतोय असं धरूनच मारायची.

आपल्याकडेही गुरुमंत्र गुप्त ठेवतात, अनुग्रह घेतलेल्या माणसाला मंत्र विचारत नाहीत. पण तुकोबांना त्यांच्या गुरूंनी, बाबाजींनी, स्वप्नात रामकृष्णहरी दिला आणि तो त्यांनी अभंगात सरळ सांगून टाकला, आज वारीत लाखो लोक तोच म्हणतात, कुणी फी भरलेली नसते. मला हे फार मोठं वाटतं.

एकाच बैठकीत दोन्ही मिसळू नका एवढं मात्र ऐका. मेडिटेशनला बसलात तर देवाकडे काही मागू नका, नामाला बसलात तर मन किती शांत झालं हे तपासत बसू नका, कारण त्या नादात हाक राहून जाते. देवावर भाव नसेल तर उगाच आणू नका, बिनधास्त मेडिटेशन करा, त्यात काही कमीपणा नाही. भाव असेल आणि लाज वाटत असेल, तर पहिले आठ दिवस पहाटे घरातले उठायच्या आधी एकच माळ करा, मोठ्याने.