बाटलीतल्या बिअरला साखर कुठली घालायची? आधी वजनकाटा काढा

बिअर आंबून म्हणजे फर्मेंट होऊन शांत बसली, बाटल्या धुवून झाल्या, आणि आता प्रश्न पडतो की गॅस यावा म्हणून साखर कुठली घालू, डेक्स्ट्रोज (पावडरीतलं ग्लुकोज) मागवू का, घरातली चालेल का, गूळ टाकला तर भारी लागेल का. सरळ सांगतो, घरातली साधी पांढरी साखर घ्या. कुठली साखर यावर लोक जेवढा वेळ घालवतात ना, त्याच्या निम्मा वेळ किती साखर यावर घातला तरी निम्मे प्रॉब्लेम संपतील.

हे सगळं अमेरिका, युके, ऑस्ट्रेलियात घरी बिअर बनवणाऱ्या आपल्या मंडळींसाठी आहे हां. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, लायसन्सशिवाय घरी बिअर बनवता येत नाही, त्यामुळे पुण्यातल्या भावाला हे फॉरवर्ड करू नका. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरच्यापुरती बनवायला फेडरल मुभा मिळाली, घरात दोन मोठी माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलन, एवढी पिणार कोण देव जाणे.

आता मुद्द्यावर. बिअरमध्ये अजून जिवंत यीस्ट असतं, त्याला थोडी साखर दिली आणि वर झाकण ठोकलं की ते साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवतं, आणि गॅसला बाहेर जायला वाट नाही म्हणून तो बिअरमध्येच विरघळतो. बस एवढंच. साखर उसाची का बीटची याच्याशी यीस्टला काही देणंघेणं नाही. पांढऱ्या साखरेने बिअर सायडरसारखी लागते असं जे म्हणतात ते रेसिपीत किलोकिलोने साखर ओतणाऱ्यांबद्दल आहे, इथे आपण लिटरला जेमतेम ६ ग्रॅम घालतोय, त्याने अल्कोहोल ०.३-०.४ टक्क्याने वाढतं आणि चवीत काही कळत नाही.

गॅस मोजतात व्हॉल्यूममध्ये, म्हणजे १ लिटर बिअरमध्ये किती लिटर गॅस विरघळलाय ते. इंग्लिश बिटर १.५ ते २, अमेरिकन पेल एल २.२ ते २.७, जर्मन व्हीट बिअर ३.३ च्या वर. आणि साखरेचा हिशोब असा की १ लिटर बिअरमध्ये १ व्हॉल्यूम वाढवायला साधी साखर साधारण ४ ग्रॅम लागते, डेक्स्ट्रोज ४.४ ग्रॅम, कारण दुकानातल्या डेक्स्ट्रोजमध्ये ९ टक्के पाणीच असतं. म्हणजे जास्त पैसे देऊन जास्त वजनाची साखर घालायची. होमब्रूच्या किटमध्ये ते पाकीट आलंच असेल तर वापरा, मुद्दाम आणू नका.

पण सगळा गॅस साखरेतून येत नाही, फर्मेंटेशनचा थोडा आधीच बिअरमध्ये असतो, आणि तो किती ते टेंपरेचरवर ठरतं. २० अंश सेल्सियसला ०.८६ व्हॉल्यूम, १० अंशांना १.२, २५ अंशांना ०.७५ च्या आसपास. इथे भलेभले गडबडतात. टेंपरेचर आत्ताचं धरायचं नाही, फर्मेंटेशन संपत आल्यावर किंवा त्यानंतर बिअर जास्तीत जास्त किती गरम झाली होती ते धरायचं. गरम असताना जो गॅस उडाला तो उडाला, नंतर बिअर फ्रिजमध्ये २ अंशांवर ठेवली म्हणून तो परत येत नाही, नवीन गॅस बनायला साखर उरलेलीच नसते. लागर (थंडाव्यात फर्मेंट होणारी बिअर) १० अंशांना केली पण शेवटी २-३ दिवस १८ वर नेली असेल तर १८ धरा.

एक हिशोब करूनच दाखवतो. १९ लिटर पेल एल, २० अंशांना झालेली, आपल्याला २.४ पाहिजे. २.४ वजा ०.८६ म्हणजे १.५४, त्याला १९ ने आणि मग ४ ने गुणा, ११७ ग्रॅम साखर. तीच बिटर असेल आणि १.९ हवं असेल तर ७९ ग्रॅम. व्हीट बिअरला ३.५ धरलं तर २०० ग्रॅम, पण मग नेहमीच्या पातळ बाटल्या चालत नाहीत, त्या ३ व्हॉल्यूमपर्यंत ठीक, वर जायचं तर जाड काचेच्या घ्या. आणि १९ लिटर हे किटच्या डब्यावरचं झालं हां, तळाचा गाळ सोडून बादलीत खरंच किती आली ते बघा, साडेसतरा लिटर निघाली तर १०८ ग्रॅमच घ्या.

कप आणि चमच्याने मोजू नका. साखर बारीक असली की कपात जास्त मावते, जाड असली की कमी, आणि डेक्स्ट्रोजची पावडर दाबली तर अजूनच वेगळं. ग्रॅम दाखवणारा स्वस्तातला डिजिटल काटा पुरतो.

आता बाकीच्या साखरा. खडीसाखर म्हणजे साखरच, विरघळायला वेळ घेते तेवढंच. पिठीसाखर नको, पाकिटातल्या पिठीसाखरेत बरेचदा कॉर्न स्टार्च असतो. मध चालतो, पाणी असल्यामुळे साखरेच्या साधारण सव्वापट घ्या, पण एवढ्याशा मधाची चव शोधायला जाऊ नका. माल्ट एक्सट्रॅक्ट पावडर (मोड आणलेल्या बार्लीचा अर्क सुकवून केलेली) साखरेच्या साधारण दीडपट लागते आणि गॅस यायला जरा उशीर होतो, हौस असेल तर करा. लॅक्टोज अजिबात नको, बिअरचं यीस्ट ते खातच नाही, गोड बिअर राहील आणि गॅस शून्य. जर्मन लोकांची पद्धत मात्र मला आवडते, १५१६ च्या बव्हेरियाच्या नियमात बार्ली, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी सोडून काही नाही, म्हणून तिथे साखरेऐवजी न फर्मेंट झालेला वॉर्ट, म्हणजे बिअर बनण्याआधीचा बार्लीचा गोड रस, तोच बाजूला काढून ठेवतात आणि बाटली भरताना तो घालतात.

गुळाचं थोडं सविस्तर सांगतो कारण इंडियन स्टोअरमध्ये कोल्हापुरी गूळ दिसला की आपला हात तिकडे जातोच. गूळ चालतो, पण त्यात साखर किती हे प्रत्येक ढेपेला वेगळं, ओलावा असतो, खनिजं असतात. म्हणून असं करा, १०० ग्रॅम गूळ किसून पाण्यात विरघळवा, पाणी घालून बरोबर १ लिटर करा, २० अंशांना आणून हायड्रोमीटर (द्रव पाण्यापेक्षा किती दाट ते दाखवणारी तरंगती नळी, साध्या पाण्यात १.०००) सोडा. शुद्ध साखर असती तर १.०३८ दाखवलं असतं. तुमच्या गुळाने १.०३३ दाखवलं तर ३८ भागिले ३३, म्हणजे साखरेच्या सव्वापटीपेक्षा थोडा कमी, १.१५ पट घ्यायचा, ११७ च्या जागी १३५ ग्रॅम. उकळताना वर करडी मळी येते ती झाऱ्याने काढून टाका आणि पाक बारीक गाळणीतून गाळा, नाहीतर ते कण बाटलीत जाऊन उघडताना फेस उसळवतात. चव? स्टाउट किंवा पोर्टरसारख्या काळ्या बिअरमध्ये किंचित कळेल, पेल एलमध्ये नुसता रंग मळकट होईल. माझं मत विचाराल तर गूळ आधी उकळत्या वॉर्टमध्ये घाला, बाटलीत साधी साखर.

घालायची पद्धत सोपी आहे. आधी हायड्रोमीटरचं रीडिंग २-३ दिवस एकच येतंय याची खात्री करा, ते अजून खाली जात असेल तर आत साखर अजून उरलीय, त्यात तुमची भर पडते आणि बाटल्या फुटतात, काच उडते, हे चेष्टेवारी नेऊ नका. मग साखर दीड-दोन कप पाण्यात ५ मिनिटं उकळा, गार होऊ द्या, सॅनिटाइझ केलेल्या बादलीच्या तळाशी ओता आणि त्यावर पाइपने बिअर सोडा, पाइपचं तोंड तळाला टेकवून, म्हणजे गोल फिरत आपोआप मिसळते आणि हवा शिरत नाही. वरून उलट्या पळीने हळूच एक-दोन वेढे द्या, खळबळ नको. कोरडी साखर डायरेक्ट बिअरमध्ये टाकली तर दाण्यांवर गॅस सुटून फेस थेट बाहेर. प्रत्येक बाटलीत वेगळी साखर मोजत बसण्याचा वैताग नको असेल आणि ५-६ बाटल्याच भरायच्या असतील तर कार्बोनेशन ड्रॉप्स (बाटलीत टाकायच्या मापाच्या साखरगोळ्या) मिळतात, सगळ्या स्टाइलला एकच माप हा त्यांचा तोटा.

एक बाटली प्लास्टिकची सोडाबाटली घ्या, थोडी दाबून हवा काढून झाकण लावा. बाकी काचेच्या बाटल्या २०-२२ अंशांना कपाटात, उजेड नको, खाली पुठ्ठ्याचा खोका. ४-५ दिवसांत ती प्लास्टिकची दाबून बघा, दगडासारखी घट्ट झाली की गॅस बनलाय, पण लगेच उघडू नका, दोन आठवडे तरी राहू द्या, ८-९ टक्क्यांची तगडी बिअर असेल तर महिना-दीड महिना. हिवाळ्यात बेसमेंटमध्ये १२ अंश असेल तर लागर सोडून बाकी बिअरचं यीस्ट झोपतं, वर घरात आणा. मग प्यायच्या आदल्या दिवशी उभी फ्रिजमध्ये, आणि ओतताना तळातला पांढरा थर ग्लासात येऊ देऊ नका, व्हीट बिअर असेल तर मुद्दाम येऊ द्या.